गृहीतक खरे असलेच पाहिजे असे नाही

सीसॅटमधील, म्हणजे नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या आकलन व तर्कक्षमतेच्या पेपरातील, गृहीतकाच्या (युक्तिवादात न बोलता धरलेल्या गोष्टीच्या) प्रश्नांचा धसका घेतलेली मुले मराठवाड्यातल्या कोणत्याही अभ्यासिकेत भेटतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये हा पेपर आणला आणि २०१५ पासून तो केवळ पात्रतेपुरता ठेवला. त्यात ३३ टक्के गुण पुरतात, परंतु ८० प्रश्नांच्या या पेपरात चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होत असल्यामुळे अंदाजाने खुणा करणारा विद्यार्थी येथेच अडकतो. ही मुले तर्कात कच्ची आहेत, हे मला मान्य नाही. त्यांना हा प्रश्न चुकीच्या वाटेने शिकवला जातो, असे माझे ठाम मत आहे.

एक युक्तिवाद घेऊ. ‘जालना, बीड आणि परभणी जिल्ह्यांत यंदा भरपूर पाऊस झाला आहे, म्हणून जायकवाडी धरण भरेल.’ यामागचे गृहीतक कोणते? पहिला पर्याय असा : जायकवाडीचे पाणी मराठवाड्यासाठी महत्त्वाचे आहे. दुसरा असा : या तीन जिल्ह्यांतील पावसाचे पाणी मोठ्या प्रमाणात जायकवाडीत येते. अनेक हुशार मुले पहिला पर्याय निवडतात, कारण तो खरा आहे, आणि दुसरा खोडतात, कारण तो खोटा आहे हे त्यांना भूगोलावरून ठाऊक असते. जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र प्रामुख्याने नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे, आणि म्हणूनच वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा वाद दुष्काळी वर्षांत पुन्हा पुन्हा उभा राहतो. तरीही अचूक उत्तर दुसराच पर्याय आहे. प्रश्न वस्तुस्थितीविषयी नसून बोलणाऱ्याने न बोलता काय धरून ठेवले आहे याविषयी आहे. जायकवाडीचे महत्त्व नाकारले तरी धरण भरण्याविषयीचा निष्कर्ष जागचा हलत नाही. दुसरे विधान नाकारताच मात्र पाऊस आणि धरण यांचा संबंधच तुटतो आणि युक्तिवाद कोसळतो.

पर्याय असा उलटा करून पाहणे हीच या प्रश्नाची खरी कसोटी आहे. मात्र उलटा करताना नेमकेपणा हवा. ‘सर्व शेतकऱ्यांनी पीकविमा भरला आहे’ याचा नकार ‘एकाही शेतकऱ्याने भरलेला नाही’ असा होत नाही. ‘किमान एका शेतकऱ्याने भरलेला नाही’ एवढाच होतो. या एका चुकीमुळे पुढची सारी पडताळणी वाया जाते, आणि वर्गात यावर पाच मिनिटेही दिली जात नाहीत.

त्याऐवजी शिकवले जाते ते असे, की ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कोणताही’ असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय उडवावा. हा नियम मला अत्यंत घातक वाटतो. ‘नळाला आठ दिवस पाणी नाही, म्हणून टँकरच मागवावा लागेल’ असे कोणी म्हटले, तर टँकरखेरीज पाण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही, हे त्याने धरलेलेच असते. निष्कर्ष ठाम असेल तर गृहीतकही तितकेच ठाम असावे लागते.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातील नियम समोरच्या प्रसंगाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, एवढ्यावर नैयायिक, म्हणजे या दर्शनाचा अभ्यासक, थांबत नाही. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे त्याला उघडपणे मांडावे लागते. परीक्षेतील प्रश्नकर्ता नेमका हाच दुवा लपवतो. म्हणून पर्याय वाचण्याआधी हेतू आणि निष्कर्ष यांच्यामधील न सांगितलेले वाक्य स्वतःच्या मराठीत वहीवर लिहावे, असा माझा आग्रह असतो. सुरुवातीला वेळ लागतो, परंतु तसे वाक्य लिहिता येऊ लागले की पर्यायांची भुरळ पडत नाही.

या कौशल्याची गरज पेपरापुरती नाही. ‘लातूरच्या शिकवणीतून इतकी मुले वैद्यकीय प्रवेशाला लागली, म्हणून आमच्या मुलालाही तेथे ठेवले की तो लागेल’, हा युक्तिवाद आपल्या गावागावांत होतो आणि त्यावर जमिनी गहाण पडतात. लातूरच्या शिक्षकांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु या वाक्यात दोन गोष्टी न बोलता धरल्या आहेत : यशस्वी झालेली मुले मुख्यतः शिकवणीमुळे यशस्वी झाली, आणि आपला मुलगा त्या मुलांसारखाच आहे. ती मुले दहावीतच अव्वल असतील, किंवा त्यांच्यासोबत प्रवेश घेतलेल्या कितीतरी मुलांची नावे फलकावर आलीच नसतील, तर पहिले गृहीतक टिकत नाही. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी त्या तुकडीत एकूण किती मुले होती आणि त्यांचे दहावीचे गुण काय होते, हे दोन आकडे अवश्य मागावेत.