हप्ता तेवढाच आहे

कोल्हापूरकराला महागाईशी भांडायचं तर समोर कुणीतरी लागतं. शहरात टोलनाके आले तेव्हा समोर नाका होता. वर्षानुवर्षं मोर्चे काढून आम्ही तो घालवला. २०१९ मध्ये मटणाचा दर चढला तेव्हा समोर खाटीक होता. आंदोलन झालं, बैठका झाल्या, दरावर घासाघीस झाली. पण रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, वाढला तर कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची? बिंदू चौकात सभा घेतली तरी मुंबईच्या रिझर्व्ह बँकेला काही ऐकू जात नाही. मे २०२२ मध्ये चार टक्के असलेला रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला आणि गावात साधी रिक्षासुद्धा बंद राहिली नाही.

त्याला कारणही आहे. रेपो चढला की घरकर्जाचं व्याज चढतं, पण बँकेत जाऊन विचारलं, "साहेब, दर वाढला म्हणं. हप्ता वाढला काय?" की उत्तर ठरलेलं. "नाही ओ, हप्ता तेवढाच आहे." माणूस खूश. जाताना चहा पिऊन जातो. साहेबांनी खोटं काही सांगितलेलं नसतं. वाढलेली असते ती मुदत, आणि तिच्याबद्दल विचारायचं कुणाला सुचत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. २५ लाखांचं कर्ज, पावणेसात टक्के, २० वर्षं. हप्ता १९,००९ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १४,०६२ व्याजाला जातात आणि ४,९४७ मुद्दलात. वर्षभर हप्ते भरून मुद्दल २४ लाख ३९ हजारांवर आलं आणि तेवढ्यात दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला असं धरा. आता नुसतं व्याजच महिन्याला १८,७९९. हप्ता तेवढाच, म्हणजे १९,००९. राहिले दोनशे दहा. वीस वर्षं डोक्यावर घेतलेल्या घराच्या मुद्दलात महिन्याला दोनशे दहा रुपये! तेवढ्यात हल्ली दोघांची मिसळ होते, जादा पाव घेतला तर तीही नाही. या वेगानं कर्ज फिटायला आणखी ४९ वर्षं लागतात. एवढी मुदत कुठलीच बँक देत नाही. निवृत्तीच्या वयाची भिंत आडवी आली की मग मुकाट हप्ताच वाढतो. आणि हीच दरवाढ कर्ज घेतल्या घेतल्या झाली असती, तर व्याजच १९,२७० भरलं असतं. म्हणजे हप्ता भरूनही दर महिन्याला कर्ज वाढलं असतं. अंगणात पाणी मारावं आणि आडात पूर यावा, तसला प्रकार.

हे ध्यानात आलं म्हणूनच की काय, ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की दर बदलताना कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवू, मुदत वाढवू, की दोन्ही थोडं थोडं? तेव्हा निवडायचा हक्क आपल्याला आहे. तो मोबाईलवरच्या मेसेजात, लिंकच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात असतो, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की बँकेत गेल्यावर हप्ता विचारूच नका. कर्जखात्याचा उतारा मागा आणि तीनच आकडे बघा: किती महिने उरले, दर कशाला जोडलाय आणि रेपोच्या वर बँकेनं स्वतःचा टक्का किती ठेवलाय. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरकर्जाचे नवे बदलते दर रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावे लागतात, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी ते बदलावे लागतात. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्यानं उतरला. ज्यांचं कर्ज जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेलं आहे, त्यांच्यापर्यंत हा उतार पोचायला वेळ लागतो. चढ मात्र वेळेवर पोचतो. तिसरा आकडा तर घरचाच भेद आहे. नव्या गिऱ्हाईकाला ओढायला बँक आपला टक्का कमी करते आणि जुना जावई जुन्याच दरानं भरत राहतो. अर्ज केला आणि एकदाच थोडी फी भरली, की बहुतेक ठिकाणी तो कमी होतो. अर्ज न करता आपोआप कमी झालेला माझ्या तरी ऐकिवात नाही.

चार पैसे जादा आलेच, बोनस म्हणा, उसाचं बिल म्हणा, तर ते मुद्दलात भरा. वैयक्तिक घरकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. २५ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २१,६९६ हप्ता बसतो. दरवर्षी असा एकच हप्ता जादा भरला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी सुटतं. फक्त अर्जात ठळक लिहा: "मुद्दलात जमा करावे, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." नाहीतर ते पैसे पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून पडून राहतात आणि आपण घरी पेढे वाटतो. नवं वेळापत्रक हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आता चार पैसे जादा येतात कुठून, हा खरा प्रश्न. आमच्याकडं बचतीच्या तीन जागा: पिग्मी, भिशी आणि गुजरी, म्हणजे आमचा सराफ कट्टा. पिग्मीवाला रोज दारात येतो. देवाला चुकवता येईल, याला नाही. शिस्त लागते हे खरं, पण मुदतीआधी मोडली तर व्याज गळतं, वर कपातही होते. शिवाय पैसे बँकेत आहेत की पतसंस्थेत, हे पासबुकावर नीट वाचा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी का असेना, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विम्याचं कवच नाही. चेअरमन भला माणूस आहे, हा विमा नव्हे. भिशीत व्याज नसतं, फराळ असतो. गुजरीत जाऊन दागिना घेतला तर सोन्यावर ३ टक्के जीएसटी आणि वर मजुरी. मोडायला गेलं की यातलं काहीच परत येत नाही, त्यामुळं दागिना हौस म्हणून घ्या, बचत म्हणून नको.

बचत बुडते ती मात्र महिन्याच्या खर्चात नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांत. घरफाळा ६ हजार, गाडीचा विमा १२ हजार, सर्व्हिसिंग ९ हजार, दिवाळी १५ हजार. झाले ४२ हजार. हे दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपण दचकतो. बाराने भागा, ३,५०० झाले. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढे वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड देव्हाऱ्यात ठेवा.

गाडीचं मात्र बाराने भागूनही भागत नाही. वैयक्तिक पेट्रोल कारला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर, त्यापुढं वीस लाखांपर्यंत १२. डिझेलला त्याहून दोन-दोन टक्के जास्त. खोच अशी, की वरचा टक्का वरच्या रकमेवर नाही, सगळ्या किमतीवर बसतो. दहा लाखांच्या गाडीला कर १ लाख १० हजार. छताला खिडकी पाहिजे म्हणून दहा हजारांनी महाग गाडी घेतली तर कर १ लाख २१ हजार २००. म्हणजे खिडकी दहा हजारांची आणि तिच्यातून बाहेर गेले ११,२००. बरं, त्या खिडकीतून दिसतं काय, तर ट्रॅफिकमध्ये शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा हौदा. पंधरा वर्षांनी पासिंग परत करायचं तर कारला पाच हजार फी, पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर केला तर महिन्याला पाचशे.

विम्यात एजंट म्हणतो, "दाजी, तुमच्यासाठी प्रीमियम कमी केला." त्यानं बहुधा गाडीची धरलेली किंमत कमी केलेली असते. चोरीला गेली की कळतं. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा, दर सरकारच ठरवतं, हजार ते पंधराशे सीसीच्या कारला ३,४१६ अधिक जीएसटी, त्यामुळं तिथं कुणी कुणावर उपकार करत नाही. घासाघीस करायची ती उरलेल्या भागात. बंपर घासला म्हणून तीन हजारांचा क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, बघा. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम ८ हजार असेल आणि सवलत ५० टक्के, तर तीन हजारांसाठी पुढच्या वर्षीचे चार हजार गेले. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न करताही सवलत जाते.

आणि मग रविवारी काही लोक टाकी भरायला हद्दीपलीकडं जातात, कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून. लिटरमागं दोन रुपये वाचतात असं धरलं तर तीस लिटरला साठ रुपये. कोगनोळीपर्यंत जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे तीन लिटर जळालं, तीनशेच्या वर गेले. पुढं नाक्यापर्यंत गेलात तर टोल निराळा. हा हिशेब मांडून दाखवला की ते म्हणतात, "आवो, पण फिरणं झालं की!" यावर माझ्याकडं उत्तर नाही.

परत येताना मटणाच्या दुकानापुढं गाड्या थांबतात. पूर्वी किलो लागायचं, आता अर्धा. घरात माणसं तेवढीच, रश्श्याचं पातेलंही तेवढंच. पांढरा रस्सा अळणी पाण्यावर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर होतो आणि अळणी उतरतं हाडांतून, हे खाटकालाही माहीत असतं. तो न सांगताच विचारतो, "हाडं जादा टाकू न्हवं?"