बँड, पदर आणि कोटाचा खिसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ज्युनियर वकील मुलींनी कोर्टात कपडे कसे घालावेत यावर मी लिहिलं, त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : वकिलांचा पोशाख नियमानेच ठरलाय, मग ज्युनियर मुलींना कपड्यांचे धडे कशाला? पुरुषांना कुणी देतं का?

दुसऱ्या प्रश्नावर आपलं भांडण नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये पुणे जिल्हा न्यायालयात 'महिला वकिलांनी कोर्टात केस सावरू नयेत' अशा अर्थाची नोटीस लागली होती. बोभाटा झाल्यावर ती मागे घेतली. तसली शेरेबाजी मलाही नको.

पहिलं मात्र पटत नाही. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम काळं पूर्ण बाह्यांचं जाकीट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर, बँड (गळ्याशी बांधायच्या दोन पांढऱ्या पट्ट्या), साडी किंवा सलवार-कुर्ता वगैरे सांगून थांबतो. शिवण आणि मापाबद्दल चकार शब्द नाही, आणि गोची नेमकी तिथेच होते.

बँडचंच बघा. खोल गळ्याच्या कुर्त्यावर त्याला टेकायला कॉलर नसते. मान कागदात घातली की तो फिरतो, पट्ट्या खांद्याकडे सरकतात, आणि ऐन उलटतपासणीत हात गळ्याशी जातो. न्यायाधीशांना समोरचा वकील जेमतेम कमरेपासून वरच दिसतो. हात कागदावर आहे की कपड्यावर, हे लगेच कळतं. पाठांतर कच्चं असल्यासारखं वाटतं, ते नसलं तरी. म्हणून शिंप्याला बंद गळा आणि ताठ कॉलरच सांगा.

कोटाचं माप साडी नेसून द्या. कुर्त्यावर दिलेलं माप साडीवर आवळतं, बटणापाशी फुलीसारख्या चुण्या पडतात. मग बटण उघडं राहतं आणि पदर बाहेर डोकावतो. पदराच्या निऱ्या आधी खांद्यावर ब्लाउजला पिनेने लावायच्या, वरून कोट. शिंप्याकडे कोट घालून बघताना दोन्ही हात पुढे करून जाडजूड फाइल उचलून बघा. पाठीत ओढ बसली तर तिथलं कापड सोडायला लावा. आणि आतला खिसा मागून घ्या! बायकांच्या तयार कोटाला तो बहुधा नसतोच, त्यामुळे पेन, मोबाइल, चिठ्ठ्या सगळं हातात. पुरुषांना हे सांगावं लागत नाही, कारण त्यांच्या कोटाला खिसे असतातच. तुमचा राग इथे अगदी रास्त आहे.

पांढऱ्या कपड्याखाली पांढरी स्लिप उठून दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही. लायक्रा असलेल्या कापडाला क्लोरीनचं ब्लीच लावू नका, पिवळं पडतं. काळ्या टेरिकॉट कोटावर इस्त्री थेट फिरवली की चकाकी येते आणि ती जात नाही. वर ओलसर सुती फडकं हवं.

उन्हाळ्यात उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र कोट सक्तीचा नाही. पण कोट उतरला की त्याने झाकलेली पिन, स्लिप, काखेतला घाम सगळं उघडं पडतं. तेव्हा एप्रिल-मेसाठी कुर्ता जरा जाड विणीच्या सुती कापडाचा, अस्तर लावून शिवलेला बरा.