ट्रॅक्टरवर जनरेटर लावा, पण त्या मेसेजमध्ये सांगितलंय तसा नको

शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. ५० एचपीचा ट्रॅक्टर असेल तर पीटीओला (मागे फिरणाऱ्या शाफ्टला) अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन, जोडा, ५० केव्हीए वीज तयार, एव्हीआर (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर) असल्यामुळे वीज एकदम स्टेबल, मेन स्विच पाडायचा आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरातल्या सॉकेटात घालायची, रबरी टायर आहेत म्हणून अर्थिंगची गरज नाही, आणि ट्रॅक्टर घरचाच म्हणजे वीज जवळपास फुकट. पीटीओवरचा अल्टरनेटर चांगलीच वस्तू आहे, माझा त्याला विरोध नाही, पण हा मेसेज वाचून कोणी तसंच केलं तर जीव जाईल म्हणून लिहितोय.

आधी ५० केव्हीए, केव्हीए म्हणजे किलोवॅटसारखंच क्षमतेचं माप. ५० एचपी इंजिनाचे, पीटीओवर त्यातले ४२-४५ येतात, एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, त्यातून अल्टरनेटरचा लॉस काढा आणि ट्रॅक्टर तासन्‌तास फुल दमात चालवायचा नाही हे धरा, हातात २०-२५ किलोवॅट राहतात. त्यात ५ एचपीची मोटर डीओएल (सरळ लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरवर चालू होताना सहापट करंट ओढते, त्यामुळे तेवढ्या एका मोटरलाही १५ केव्हीएच्या आसपासचा अल्टरनेटर लागतो.

एव्हीआर म्हणजे स्टेबल, हेही अर्धंच खरं. एव्हीआर व्होल्टेज सांभाळतो, फ्रिक्वेन्सी नाही, ती फक्त आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्यावर, असते. चार पोलचा अल्टरनेटर १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ देतो, पीटीओ ५४० ला फिरतो, म्हणून मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स. लोड पडून पीटीओ ५०० वर आला की झाले ४६ हर्ट्झ, मोटर तापायला लागते. आणि कोणी थ्रॉटल वाढवून ठेवला, ६०० च्या जवळ गेला, तर ५५ हर्ट्झ, पंप दहा टक्के जोरात फिरतो पण त्याला पॉवर तिसऱ्या घाताने लागते म्हणजे तेहतीस टक्के जास्त. म्हणून पॅनलवर फ्रिक्वेन्सी मीटर हवाच, लोड चढवला-उतरवला की बघायचं आणि थ्रॉटल लावायचा.

आता ती दोन पिनांची वायर. एक टोक सॉकेटात असलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना लाइव्ह असतात, घरात लहान पोरं असतात. पण त्याहून वाईट पुढे आहे. मेन स्विच पाडायला एकदा विसरलात, किंवा घाईत कोणी वर केला, की तुमची वीज सर्व्हिस वायरने उलटी लाइनवर जाते, तिथून डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर. डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करते, तशीच उलटीही चालते, तुमचे २३० तिथे हजारो व्होल्ट होऊन वर निघतात. लोक म्हणतात अख्ख्या गावाचा लोड आला की जनरेटर दबून बंद पडेल, पण वादळात तार जवळच तुटलेली असेल तर लोड दोन-चार घरांचाच असतो आणि जनरेटर आरामात चालतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती आणि वायरमन पोरं खांबांवर चढून तारा ओढत होती, अशाच दिवसांत घराघरात जनरेटर चालू असतात. त्या खांबावरच्या वायरमनचा जीव तुमच्या आठवणीवर ठेवायचा का? आणि तुम्ही उलटं सोडलेलं असताना लाइन आली तर अल्टरनेटर जळेल, शाफ्टही तुटू शकतो. उपाय एकच, चेंजओव्हर स्विच, थ्री फेजला चार पोलचा, न्यूट्रलसकट, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडली जाते आणि विसरायची सोयच राहत नाही. लायसन असलेल्या वायरमनकडूनच बसवून घ्या.

रबरी टायरचं उत्तर सोपं आहे, टायरमुळेच अर्थिंग लागतं. रॉड ठोका, अल्टरनेटरची बॉडी आणि न्यूट्रल त्याला जोडा, नाहीतर लीकेज झालं तरी ईएलसीबी (लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होणार नाही कारण करंटला परत यायला वाटच नाही.

पीटीओ शाफ्टबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, धोतर, ओढणी, पदर अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचा गार्ड (झाकण) काढून चालवू नका आणि बंद शेडमध्ये तर अजिबात नको, धुराने माणूस झोपेतच जातो.

राहिलं फुकटचं. लोड चांगला असेल तर लिटरला तीनेक युनिट पडतात, डिझेल ९० च्या आसपास, म्हणजे ३० रुपये युनिट. दोन पंखे आणि फ्रिजसाठी ट्रॅक्टर चालवला तर इंजिन तेवढंच फिरतं, युनिट आणखी महाग पडतं. त्यासाठी इन्व्हर्टर घ्या, ट्रॅक्टर मोटरला, दूध काढायच्या मशीनला आणि पोल्ट्रीच्या फॅनला ठेवा.