चार जीबी आहे दादा, डबल होतंय!

आज कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर दुकानदारानं मला जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड दाखवलं. दाखवलं म्हणजे काउंटरवर ठेवून माझ्याकडं सरकवलं, आता फक्त पैसे काढा ह्या थाटात. माझ्याकडं आधीच जीटीएक्स ७५० टीआय आहे हे सांगून झाल्यावर. आणि वर म्हणतोय, "अपग्रेड होतंय की दादा." अरे मर्दा, दोन्ही कार्डं २०१४ ची! एकाच सालात बाजारात आली, त्यातलं हे ७३० त्या वेळीपण गेमसाठी कोण शहाणा घेत नव्हता, ऑफिसात दुसरा मॉनिटर जोडायला घ्यायचे, आणि तेच आज सीलपॅक, साडेपाच हजार. खोक्यावर तलवारवाला रोबोट. खोकं एवढं की त्यात माझं अख्खं एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बसेल, आत कार्ड तळहाताएवढं, बाकी सगळा पुठ्ठा.

"तुमचं किती जीबीचं हाय?"

"दोन."

"मग हे चार हाय. डबल झालं की."

डबल म्हणे. आता ह्याला काय सांगायचं. तरी सांगायला गेलो, माझी खोडच आहे ती, की बाबा रे ह्यात डीडीआर थ्री मेमरी आहे, ६४ बिटची, सेकंदाला चौदा-साडेचौदा जीबी डेटा हलवते, माझं जुनं कार्ड ८६ हलवतंय, गणितं करणारे कोर ह्यात ३८४ आणि माझ्यात ६४०, सहापट हळू मेमरी चार जीबी असली काय आणि चाळीस असली काय, मी ती चाटत बसू? त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे मी बोलत असताना फोनवर कुणाला तरी टोनर भरायचा रेट सांगत होता, आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतोय, "दादा, ते नेटवरचं काय बघत जाऊ नका. जीबी बघायचं." शेजारी प्रिंटर घेऊन आलेले एक काका उभे होते त्यांनीपण मान हलवली. काका, तुमचा काय संबंध? तुमचा कागद अडकलाय तो काढून घ्या आणि गप घरी जावा की!

मग आतनं 'आमचा इंजिनिअर' आला. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं. मी माझ्या मदरबोर्डचा फोटो दाखवला, एच ८१, त्यावर आय फाय चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर, आठ जीबी डीडीआर थ्री. पोरगं हसलं. मोठ्यानं नाही, नाकातनं. मला सगळ्यात जास्त ते हसणं लागलंय, ७३० मी एक वेळ माफ करीन. "सर, ह्याला काहीपण लावलं तरी बॉटलनेकच होणार. पूर्ण सेट बदला. जुन्याचे दीड हजार धरतो." कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला म्हणून दुरुस्तीला न्यावी आणि समोरचा म्हणावा, पाय बदलून घ्या, तसलं हे. आणि दीड हजार कशाचे, तर चालू पीसीचे! आज सकाळी बटण दाबल्यावर सुरू झालेल्या पीसीचे! नव्या सेटचा आकडा सांगितला त्यानं, मी तो इथं लिहीत नाही कारण बायको हे वाचते. एवढंच सांगतो की त्यात नुसत्या रॅमचा रेट ऐकून मला वाटलं एकट्या रॅमचा नाही तर सगळ्या बोर्डासकट सांगतोय. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरला सगळ्या जगाची मेमरी लागायली, त्यामुळं आमच्यासारख्याला सोळा जीबी घेताना दोनदा बोटं मोजायला लागायलीत.

आणि ह्यांचं ते बॉटलनेक, म्हणजे जुना प्रोसेसर नव्या कार्डाला पुरा पडत नाही. मेकॅनिक असू दे, भाचा असू दे, व्हॉट्सअप ग्रुपवरचा तो कायम ज्ञान पाजळणारा असू दे, सगळ्यांचं उत्तर एकच. अरे बॉटलनेक तर बॉटलनेक, साठच्या जागी पन्नास फ्रेम मिळाल्या तर मी काय कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेणार आहे? मला एक कार्ड पाहिजे. एक. बाकी सगळं आहे तसं राहू दे.

पण राहू देत नाहीत, ह्यातच सगळी मेख आहे. कार्डाच्या स्लॉटमधनं मिळतात जास्तीत जास्त ७५ वॅट. माझं एसएमपीएस असेंबल करताना कॅबिनेटसोबत फुकट आलेलं, त्यावर ४५० वॅट लिहिलंय आणि त्यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा निवडणुकीच्या जाहीरनाम्यावरपण नाही. कार्डाला लावायची सहा पिनची वायरच नाही त्याला. मग पिनवालं कार्ड घ्यायचं म्हणजे आधी चांगलं एसएमपीएस. एसएमपीएस चांगलं घेतलं तर ते माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये नीट बसेल का हा प्रश्न. बरं कॅबिनेटपण घेतलं, मग आता एवढं केलंच आहे तर, असं म्हणत तो नाकातनं हसणारा परत दारात उभा.

म्हणून बिनपिनवालं बघायचं. त्यात तरी सरळ असावं? नाव घ्या. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० म्हणजे काय? कुठलं ३०५०? २०२२ ला आलेलं आठ जीबीचं, ते १३० वॅट ओढतंय. मग फेब्रुवारी २०२४ ला तेच नाव लावून सहा जीबीचं आणलं, ते ७० वॅटवर चालतंय, स्लॉटमधनंच, म्हणजे माझ्या कामाचं, पण त्यात कोर २५६० चे २३०४ केले आणि मेमरीची बस, म्हणजे डेटा जायचा रस्ता, १२८ बिटची ९६. निव्वळ दोन जीबी कमी वाटतंय ना खोक्यावर वाचून? तसंच वाटावं म्हणून तर लिहिलंय! हेच धंदे १०६० ला केलेले, तीन जीबीवाल्यात गुपचूप कोर कापले. १०३० ला तर हद्दच, पहिल्यांदा जीडीडीआर फाय घालून विकलं आणि पुढच्या वर्षी तेच नाव, तेच रूपडं, आत डीडीआर फोर, मेमरीचा वेग तिसऱ्या हिश्शावर. आणि मग आमचा काउंटरवाला म्हणतोय जीबी बघायचं. त्या बिचाऱ्याला तरी काय बोलायचं, कंपनीच त्याला शिकवतीय.

लाल पार्टीकडं, म्हणजे एएमडीकडं, जावं तर त्यांची वेगळीच नाटकं. आरएक्स ६४०० बिनपिनचं, छोटं, छान, रेट बरा, मी जवळजवळ घेतलंच होतं. मग कळलं की ते स्लॉटच्या सोळा लेनमधल्या, म्हणजे डेटाच्या वाटांमधल्या, चारच वापरतं. नव्या बोर्डवर ते चालून जातं, तिथं स्लॉटचं पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीचं आहे. माझ्या एच ८१ वर दुसऱ्या पिढीचं. म्हणजे त्या चार लेनवरनं चौथाई वेगानं डेटा जाणार. स्वस्तातलं कार्ड कोण घेणार, तर जुना पीसीवाला. आणि जुन्या पीसीतच ते रडणार. असलं डोकं चालवणाऱ्याचा बिंदू चौकात सत्कार केला पाहिजे. इंटेलच्या आर्कला तर रीसाइजेबल बार का काय ती बोर्डातली सोय पाहिजे, ती माझ्या बोर्डाच्या खानदानात नाही. विषय कट.

वर पोर्टचा तमाशा आहेच. माझा मॉनिटर फक्त व्हीजीए ह्या जुन्या निळ्या पोर्टवाला. माझ्या ७५० टीआयला व्हीजीए आहे. आताच्या कार्डांना नाही. कन्व्हर्टर घ्या म्हणे. महाद्वार रोडला चायनाचा कन्व्हर्टर मिळतो तो आमच्या मित्रानं घेतलाय, त्याच्या स्क्रीनवर सगळं जग जरा गुलाबी दिसतंय.

आणि बिल! बिल मागितलं की ह्यांचा चेहरा असा होतो जसं काय मी आयकरवाला. "बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे लागतील." आणि वॉरंटी? "वॉरंटी आमची, बिलाचं काय?" तुझी वॉरंटी घेऊन मी काय करू लेका, मागच्या वेळी हार्ड डिस्कला 'आमची वॉरंटी' होती तर तीन महिने "पुण्याला पाठवलीय" ऐकत होतो. ती हार्ड डिस्क पुण्यात आता घर घेऊन स्थायिक झाली असेल.

मग जुनं बघू म्हटलं. तिथं तर जत्राच. २०२१ ला क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डं अशी उचलली की दुप्पट पैसे मोजूनपण मिळत नव्हती, मी म्हटलं थांबू, ह्यांचं कधीतरी बुडेल. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, आणि मग तीच कार्डं, दिवसरात्र भाजून निघालेली, "घरगुती वापर, मुलगा फक्त अभ्यासाला वापरायचा" अशी जाहिरात लावून बाजारात. आरएक्स ५८० वर अभ्यास करायचा मुलगा. कसला अभ्यास, हवामान खात्याचा? त्यात ५८० मध्येपण २०४८ कोरवालं कापलेलं एक आहे, तेपण त्याच नावानं फिरतंय. फसवून नाव बदललेली कार्डंपण आहेत, आत जुनाट काहीतरी आणि कार्डातला बायोस हा प्रोग्रॅम बदलून १०५० टीआय दाखवतंय, जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावलं की नावापुढं 'फेक' येतं, पण विकणारा जीपीयू-झेड लावू देईल तर ना. आणि आपल्या गावाचं अजून एक स्पेशल म्हणजे २०१९ च्या महापुरात किती दुकानांत पाणी गेलं, त्यातला कुठला माल वाळवून पुसून कुठं गेला कुणास ठाऊक, मी तर जुनं कार्ड हातात घेतलं की आधी वास घेतो. हसू नका.

१०५० टीआय खरं असलं तरी आता त्याला अर्थ नाही. ऑक्टोबर २०२५ ला एनव्हिडियानं त्या पिढीचे आणि माझ्या ७५० टीआयच्या पिढीचे गेमचे ड्रायव्हर बंद केले, आता २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे. त्याच महिन्यात विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला प्रोसेसरची आठवी जनरेशन पाहिजे, माझी चौथी. सगळ्यांनी ठरवून एकाच महिन्यात माझ्या पीसीचं तेरावं घातलं.

बरं, एवढा जीव काढून मी करणार काय त्या कार्डावर, हा प्रश्न काल बायकोनं विचारला. तिला 'एडिटिंग' असं उत्तर दिलंय. खरं कारण असं की २०२३ ला काउंटर स्ट्राइक गेमचं नवं व्हर्जन आलं आणि तेव्हापासून धूर सोडला कुणी की माझी स्क्रीन फोटोच काढते. रात्री अकरानंतर, आई झोपल्यावर, हेडफोन लावून, चाळिशीचा माणूस, आणि टीममध्ये नववीतली पोरं मला "अंकल लेफ्ट बघा, अंकल लेफ्ट" म्हणून ओरडत असतात. कार्ड आलं तर मी मरायचा थांबणार आहे का? नाही. मी तसाच मरणार, फक्त कुणी मारलं ते स्पष्ट दिसेल. त्या दिसण्यासाठी मी सतरा-अठरा हजार बाजूला काढलेत, घरात मिक्सरचं भांडं गळतंय त्याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून सांगून. आणि रात्री दीड वाजता अंथरुणात पडून ९६ बिट आणि १२८ बिटमधला फरक वाचत बसतोय, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर त्या नाकातनं हसणाऱ्या पोराचा साहेब झालो असतो.

तरीपण हार मानत नाही. पूर्ण सेट बदलणार नाही, ते ठरलं. आता दोनच पर्याय, बिल घेऊन सहा जीबीचं ३०५० किंवा जुनं पण धड जीटीएक्स १६५०. १६५० चं बरं असं की त्याला सोळाच्या सोळा लेन आहेत, ७५ वॅट, माझ्या बोर्डवर रडणार नाही, ड्रायव्हरपण अजून चालू. फक्त त्यातपण काही मॉडेलना सहा पिनचं कनेक्शन लागतं आणि काहींना लागत नाही, ते फोटो बघूनच कळतं. इचलकरंजीचा एकजण सात हजाराला देतोय. फोटो टाकलाय तो समोरनं, नेमकी पिनची बाजू दिसत नाही. मेसेज केला, "दादा, कार्ड सहा पिनचं आहे का बिनपिनचं?"

आत्ता उत्तर आलंय. "पिना सगळ्या हायत, एकबी वाकलेली न्हाय."