टीपीएनचा फिल्टर काढून पिशवी चालू ठेवू नका

टीपीएन म्हणजे रुग्णाला शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण. त्याबद्दल नर्सिंग स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘टीपीएन चालू असताना पंपाने ऑक्लूजनचा (प्रवाह अडल्याचा) अलार्म दिला, तर फिल्टर काढा आणि पिशवी संपवा. पिशवी एकसारखी पांढरी दिसते, म्हणजे आत काही नाही.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लिपिड (स्निग्ध पदार्थ) घातलेली पिशवी दुधाळच असते. पिशवीतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनणारे कॅल्शियम फॉस्फेटचे कण, जे फिल्टर अडवतो, त्यात दिसत नाहीत. साधारण 50 मायक्रॉनखालचे कण तर स्वच्छ द्रावणातही नजरेला पडत नाहीत, आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या अडवायला 5 मायक्रॉनच्या वरचे पुरतात. अमेरिकेत अशाने 2 रुग्ण दगावल्यावर तिथल्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) एप्रिल 1994 मध्ये इशारा काढला होता.

अलार्म आला की आधी क्लॅम्प, पिळलेली नळी आणि कॅथेटर तपासा. फिल्टरही बघा : लिपिडच्या पिशवीला 1.2 मायक्रॉनचा लागतो, 0.22 चा लावला असेल तर तो चोंदणारच. हे सगळं ठीक असूनही फिल्टर तुंबला असेल, तर पिशवी बंद करा. नवा फिल्टर लावून तीच पिशवी पुन्हा जोडू नका. डॉक्टरांना विचारून 10% डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) त्याच वेगाने लावा, रक्तातली साखर तपासत राहा. पिशवी फेकू नका, फार्मसीला दाखवा. मूळ दोष बहुधा तिथेच सापडतो. पिशवी बनवताना फॉस्फेट आधी, मग नीट ढवळून कॅल्शियम ग्लुकोनेट घालायचं असतं; हा क्रम चुकला की कण धरतात.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथून काढून टाका.