उकळूनही न जाणारं

पत्र आलं ते २०२४च्या नोव्हेंबरात. मी शिकागोजवळ राहतो. इथल्या पाणीपुरवठा खात्याने कळवलं होतं की रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून तुमच्या घरात येणारा पाइप कशाचा आहे याची आमच्याकडे नोंद नाही, तो शिशाचा असू शकतो. सोबत घरच्या घरी तपासायची युक्ती होती. तळघरात पाइप भिंतीतून आत येतो तिथे तो नाण्याने खरवडायचा आणि चुंबक लावून पाहायचं; शिशाला ते चिकटत नाही. मी फ्रीजवरचं चुंबक काढलं आणि खाली उतरलो. नाणं घासलं तर करडा थर निघून खाली चांदीसारखी चकाकी दिसली. चुंबक चिकटेना. शिसंच.

सतरा वर्षं भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी याच नळाचं पाणी भरून देत आलोय. वर, ‘इथे बिनधास्त प्यायचं’ हे पालुपद.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मग उकळून प्या रे.” आमच्या घरात पाण्याच्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. पण शिसं उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं पातेल्यातच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर ते परिणाम करतं. शिकागोत तर १९८६पर्यंत शहराच्या नियमानेच असे पाइप टाकावे लागत. आज तिथे असे सुमारे चार लाख पाइप आहेत. पाण्यात फॉस्फेट मिसळून पाइपला आतून एक पापुद्रा धरवतात, त्यावर सगळी भिस्त. मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये २०१४ साली नदीचं पाणी सुरू केलं, पण पाइप गंजू नये म्हणून करायची प्रक्रियाच केली नाही. पापुद्रा गेला आणि शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं.

मग २०२५चा जानेवारी आला आणि पुण्यात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, सगळी ओळखीची नावं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा जंतू पोटात जातो, शरीर त्याच्याशी लढायला उठतं आणि क्वचित स्वतःच्याच नसांवर उलटतं. इथे मात्र आईचं औषध शंभर टक्के लागू, कारण जंतू उकळल्यावर मरतो. तिने तो मुद्दा मला दोनदा ऐकवला.

त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर वाद चालला तो कोणता आरओ घ्यावा याचा. मला हा वाद चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. आरओवाला येतो, तुमच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होतं आणि घरातले सगळे दचकतात. ती तपकिरी घाण त्याच्याच लोखंडी दांडीची असते. त्याचं टीडीएसचं यंत्र फक्त विरघळलेले क्षार मोजतं, जंतूंबद्दल ते अवाक्षर काढत नाही. हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओची गरज नाही. धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरांत तो सहसा त्याहून बराच कमी असतो.

आपल्याकडचं खरं दुखणं आहे ते दिवसातले काही तासच येणाऱ्या पाण्यात. पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब जातो, आणि शेजारच्या गळक्या ड्रेनेजचं पाणी सांध्यांतून आत ओढलं जातं. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी कितीही चांगलं असो, वाटेत नासतं. भारतातल्या माणसाला इथल्या पाण्याचा हेवा वाटावा तो याच एका गोष्टीसाठी. ‘पाणी गेलं’ हे वाक्य मी कित्येक वर्षांत उच्चारलेलं नाही. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये चोवीस तास थेट नळाचं पिण्याजोगं पाणी सुरू केलं, म्हणजे आपल्याकडे जमत नाही असंही नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. दर वर्षी १ जुलैच्या आत इथल्या खात्याला ग्राहकांना अहवाल द्यावाच लागतो : नायट्रेट किती, शिसं किती, क्लोरीनमुळे तयार होणारी रसायनं किती, मर्यादा कुठे ओलांडली. गंमत म्हणजे शिशाच्या बाबतीत भारताचं मानक, आयएस १०५००, अधिक कडक आहे : लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. अमेरिकेत पाणीपुरवठादाराला हालचाल करायला लावणारा आकडा ०.०१५ होता, तो ०.०१ वर आणायचा नियम झाला २०२४च्या ऑक्टोबरात. पण आपलं मानक नळाच्या पाण्याला ऐच्छिक आहे. आकडा कडक, आणि तो कुणी पाळला नाही तर विचारणारं कुणी नाही. इथला आकडा सैल होता, पण इथल्या नियमापायी मला पत्र आलं. उशिरा आलं, हेही खरं.

मी आता सकाळी पाच मिनिटं नळ सोडून देतो आणि शिसं गाळणारा फिल्टर लावलाय. पाइप बदलायच्या यादीत आमचा नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही.

पुण्यात दादाला म्हटलं, आरओ राहू दे, आधी सोसायटीच्या टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट कर. नळीत पाणी, औषधाचे थेंब, पिवळं झालं तर जंतू मारणारा क्लोरीन शिल्लक आहे. त्याने केली. पाणी होतं तसंच राहिलं. मग त्याने सेक्रेटरींना विचारलं, टाकी शेवटची कधी धुतली? त्यांनी वही काढली. त्यात लिफ्टच्या सर्व्हिसिंगच्या सगळ्या तारखा होत्या.