पोटहिस्सा

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या पोटाची रीतसर मोजणी झाली, आणि तिचा नकाशा सध्या आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे.

कारण अगदी साधे होते. तीस वर्षांचा कडप्प्याचा ओटा काढून नवा बसवायचा, एवढ्यावरच आमचे एकमत झाले होते. मधल्या मोकळ्या जागेत काय असावे, यावर मात्र घरात तीन पक्ष पडले. पत्नीला आयलंड हवे होते, म्हणजे मधोमध चारही बाजूंनी मोकळा असा सुटा ओटा, कारण न्यू जर्सीत तिच्या भाचीकडे ते आहे आणि तिथे म्हणे सगळे घर त्याच्याभोवती जमते. इंटिरिअरवाल्या मुलीचा ओढा पेनिन्सुलाकडे होता, म्हणजे ओट्यालाच काटकोनात जोडलेला एक फाटा. मला खिडकीखालचे वडिलांचे सनमायक्याचे टेबल जिथे आहे तिथेच हवे होते. त्याच्या एका पायाखाली कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची घडी आहे आणि तीही जशीच्या तशी राहावी, अशी माझी माफक इच्छा होती.

त्या दिवशी मुलीने फरशीवर मास्किंग टेप लावून आयलंडची जागा आखली आणि ओट्याइतकी उंची दिसावी म्हणून त्यावर पुठ्ठ्याची खोकी रचली. "काका, एकदा चालून बघा ना, म्हणजे फील येईल," असे ती म्हणाली, आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे आप्पा विरजण मागायला आले.

आप्पा भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारे अधिकारी, म्हणून निवृत्त झाले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. जमिनीवर आखलेली रेघ दिसली की त्यांच्या अंगात अजूनही खाते संचारते. त्यांनी विरजणाची वाटी ओट्यावर ठेवली, खिशातून स्वतःची मोजायची टेप काढली (विरजण मागायला निघालेला माणूस खिशात टेप कशासाठी ठेवतो, हे मी विचारले नाही) आणि पहिला प्रश्न टाकला.

"चतुःसीमा सांगा."

माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेले, "पूर्वेस ओटा, पश्चिमेस फ्रिज आणि कपाट, उत्तरेस खिडकी, दक्षिणेस दार."

"क्षेत्र?"

"दहा बाय बारा. एकशे वीस चौरस फूट."

आप्पांनी क्षणभर डोळे मिटले. "गुंठ्याचे 1089 चौरस फूट, गुंठ्याला सोळा आणे, म्हणजे आण्याला अडुसष्ट. तुमचं स्वयंपाकघर पावणेदोन आण्यांचं आहे. पावणेदोन आण्यांत बेट काढायला निघालात?" त्यांच्या स्वरात कीव होती. "बरं, वहिवाट कोणाची?"

"माझी," पत्नी म्हणाली.

"घर अजून माझ्या नावावर आहे," टेबलापाशी मटार सोलत बसलेली आई म्हणाली.

"सकाळी आठ ते अकरा माझीच असते," पोळ्यांच्या मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या. त्यांना तोवर कोणीही काहीही विचारले नव्हते, आणि नंतरही विचारले नाही.

आप्पा माझ्याकडे वळले. "आणि तुमची?"

"मी सकाळचा चहा करतो."

"म्हणजे कूळ. यांचं नाव सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात."

त्यानंतरची वीस मिनिटे मी आयुष्यातून वजा करू इच्छितो. पूर्व-पश्चिम रुंदी 120 इंच. त्यातून ओट्याचे 24, कपाट आणि फ्रिज यांचे 27 आणि बेटाचे 24 गेले की 45 उरतात, आणि ते दोन बाजूंना सारखे वाटले की वाटणीला साडेबावीस-साडेबावीस येतात. स्वयंपाक करणारा माणूस एकटा असेल तर 42 इंचांची वाट हवी आणि दोघे असतील तर 48, हा या धंद्यातला सर्वमान्य हिशेब खुद्द त्या मुलीनेच आम्हाला पहिल्या भेटीत सांगितला होता. तिच्याच हिशेबाने बेटासाठी आमचे स्वयंपाकघर सव्वातेरा फूट रुंद असायला हवे होते. ही वजाबाकी कागदावर दोन मिनिटांत संपली असती. परंतु कागदावर विश्वास ठेवील ते खाते कसले? आप्पांना प्रत्यक्ष जागेवरचा पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणून मी उपलब्ध होतो.

माझ्या हाती मोठे पातेले देण्यात आले. मी ओटा आणि खोकी यांच्यामधून निघालो, आणि तिसऱ्या पावलाला वरचे खोके खाली पडले.

"आडवे वळून उभे राहा," आप्पांनी हुकूम सोडला. मी आडवा वळलो. त्यांनी टेपचे टोक माझ्या पाठीला लावायला त्या मुलीला सांगितले आणि दुसरे टोक घेऊन ते समोर आले. "पाठीपासून पोटापर्यंत 14. पुढे पातेलं 12. एकूण 26. वाट साडेबावीस. साडेतीन इंचांचं अतिक्रमण." मग पेन्सिल कानावर ठेवत ते जरा सौम्यपणे म्हणाले, "या जमिनीत पोटहिस्सा आधीच पडलेला आहे, साहेब." खात्याच्या भाषेत पोटहिस्सा म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा पोटविभाग.

मावशींची लाटण्यावरची लय चुकली. आई तर इतकी हसली की मटाराचे दाणे फरशीवर सांडले.

पेनिन्सुलाचा निकाल त्यांनी उभ्याउभ्या दिला. ओट्यापासून चार फूट पुढे येणारा फाटा म्हणजे पलीकडे कपाटापर्यंत 21 इंच उरणार. फ्रिज आतल्या बाजूला, दार बाहेरच्या, आणि मधल्या फटीत कोणी उभे राहिले की आतला माणूस अडकला. "अशा वेळी जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो," असे ते मुलीला समजावून सांगत होते, आणि ती बिचारी ते लिहूनही घेत होती. टेबलाचे मात्र त्यांनी कौतुक केले. ते स्थावर नाही, जंगम आहे. दिवाळीत चकल्या करायला मध्ये ओढता येते आणि काम झाले की भिंतीशी सरकवता येते. शिवाय त्याची उंची 30 इंच, म्हणजे आईला खुर्चीत बसून मटार सोलता येतात. 36 इंचांच्या बेटाशी उंच स्टुलावर ब्याऐंशी वर्षांच्या बाईला कोण चढवणार, हा प्रश्न मी तीन आठवडे विचारत होतो. आप्पांनी तो एकदाच विचारला आणि सर्वांना पटला.

तेव्हा टेबल राहिले आणि मी जिंकलो, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी पत्नी न्यू जर्सीला फोनवर सांगत होती, "अगं, सगळं ठरलं होतं, पण यांच्या पोटामुळे राहिलं बघ आयलंड." तेव्हापासून ही बातमी नाशिक, सांगली आणि बडोदा इथवर पोहोचली आहे. आमच्या फ्रिजचे दार 29 इंच रुंद आहे. ते त्या साडेबावीस इंचांत पूर्ण उघडले नसते, पण फ्रिजला कोणी जाड म्हटलेले नाही. दोन्ही कोपरे बाहेर काढून पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या मागून मांजरही गेले नसते, पण मावशींचे माप कोणी घेतले नाही, आणि घेऊही नये. बेटातल्या दिव्याच्या बटणांसाठी फरशी फोडून वायर न्यावी लागली असती, आणि पुढेमागे त्यात सिंक हवे झाले असते तर सांडपाण्याचा पाइप खालच्यांच्या छतातून ठिबकला असता. ही सगळी कारणे बाजूला सारून, सुटलेल्या पोटाचे एकच कारण कुटुंबाच्या इतिहासात नोंदवले जावे, याचा मला अजून राग आहे. बेट दाखवणाऱ्या प्रत्येक फोटोत माणसे काटकुळी असतात आणि स्वयंपाकघरे आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढी असतात, हे ध्यानात आणून दिले की "विषय बदलू नका" असे उत्तर मिळते. नुसत्या आखणीचे आणि खोक्यांचे बिलही वेगळे आले. ते मात्र कुळाने भरले.

रविवारी आप्पा विरजणाची वाटी परत करायला आले, तेव्हा सोबत नकाशाची 'क' प्रत, म्हणजे खाते अर्जदाराला देते ती, घेऊन आले. एक इंचास एक फूट प्रमाण, उत्तर दिशा दाखवणारा बाण, ओटा, फ्रिज, टेबल, आणि बरोबर मध्यभागी तुटक रेघेने काढलेला एक लंबगोल, ज्यावर सुवाच्य अक्षरांत 'पो. हि. 1' असे लिहिलेले होते. पत्नीने तो लगेच फ्रिजवर लावला. ही मोजणी मला मान्य नाही, असे मी आप्पांना स्पष्ट सांगितले.

"हरकत असेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज करा, तो तुमचा हक्कच आहे," आप्पा अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "फक्त तारीख सकाळची मागा. उपाशीपोटी."